मदत हवी: काळ्या मातीत पुरलेल्या पीव्हीडीएफ सेन्सरचा सिग्नल शून्याखाली जातो

कातळकडा: सोलापूरजवळच्या खडीच्या खाणीत परवानाधारक ब्लास्टर सुरुंग उडवतात, तेव्हा जमिनीतल्या धक्कालहरीचा दाब मोजायचा आहे. वर काळी माती, मग मुरूम, खाली बेसाल्ट. पीव्हीडीएफची (दाबली की विद्युतभार म्हणजे चार्ज देणारं प्लास्टिक) २८ मायक्रॉनची फिल्म, १ चौ. सेंमी. इलेक्ट्रोड, २० मीटर कोअ‍ॅक्स केबल, थेट ऑसिलोस्कोपला (इनपुट रोध १ मेगओहम). मातीत ५ मिलिसेकंदांचा पल्स अपेक्षित आहे, पण सिग्नल चढतो, गळतो आणि शून्याखाली जातो. शिवाय समान अंतरावरचे दोन सेन्सर दुपटीच्या फरकाने आकडे देतात. खडकात हीच फिल्म चालेल?

चार्जअँप: शून्याखाली जाण्यात मातीचा दोष नाही. फिल्म ०.४ आणि केबल सुमारे २ नॅनोफॅरड, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (चार्ज किती वेळात गळतो त्याचं माप) जेमतेम २.४ मिलिसेकंद. ५ मिलिसेकंदांचा पल्स त्यात गळणारच. स्कोपच्या टोकाला समांतर १०० नॅनोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लावा, ०.१ सेकंद मिळेल. मात्र फिल्मचा चार्ज ३३ पिकोकूलॉम प्रति न्यूटन धरला तर १ मेगापास्कलला १.४ व्होल्टऐवजी ३२ मिलिव्होल्टच येतील. साधा सिरॅमिक कपॅसिटर नको, ठोका बसला की तो स्वतःच व्होल्टेज काढतो.

मुरूमकर: दुपटीचा फरक बहुतेक बसवणुकीतला. ढेकळांसकट माती लोटली की सेन्सरभोवती पोकळ्या राहतात आणि भार बाजूने निघून जातो. उलट जाड, ताठ सेन्सर मऊ मातीत भार स्वतःकडे ओढतो. व्यास जाडीच्या किमान ५ पट, जास्त असेल तर उत्तम. माती २ मिमी चाळणीतून काढून मूळच्याच ओलाव्याला ५-५ सेंमीच्या थरांनी ठोका, घनता कोअर कटरने (मातीचा नमुना कापायची नळी) तपासा. काळी माती वाळली की भेगाळते, त्यामुळे एप्रिलमधले आकडे पावसाळ्यातल्यांशी ताडू नका.

कातळकडा: फिल्म उघडीच चिकटवली आहे, वायर डाख देऊन.

चार्जअँप: दोन्ही बदला. डाख तापतो आणि ८० अंश सेल्सिअसच्या वर फिल्म चार्ज देण्याचा गुण गमावू लागते. वायरसाठी चांदीमिश्रित इपॉक्सी वापरा. उघडी फिल्म आडवी ताणली तरी चार्ज देते, म्हणून १ मिमीच्या दोन अ‍ॅल्युमिनियम चकत्यांत बसवा. कॅलिब्रेशन अशा तयार सेन्सरचंच करा, वजन टाकून, खाली संदर्भ लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) ठेवून. डेटाशीटच्या आकड्यावर विसंबू नका. फिल्म उष्णतेलाही चार्ज देते, तेव्हा आदल्या रात्रीच पुरा. केबल सुरुंगाच्या उलट दिशेने काढा, नाहीतर लहर आधी तिलाच गाठते.

मुरूमकर: खडकात लांबच्या अंतरावर हीच चालेल. बेसाल्टचा इम्पीडन्स (घनता गुणिले लहरीचा वेग) सुमारे १४, भोक भरायच्या सिमेंट ग्राउटचा ६ मेगारेल (इम्पीडन्सचं एकक). त्यामुळे भोकात तीव्र लहरीचा पहिला टप्पा ६० टक्क्यांच्या आसपासच दिसेल. भोक सेन्सरपुरतंच ठेवा, ग्राउट न आकसणारा घ्या. मँगॅनिन गेजचा (दाबाने विद्युतरोध बदलणारा मिश्रधातू) रोध गिगापास्कलला २-३ टक्केच बदलतो, म्हणून तो फक्त सुरुंगाच्या अगदी लगत.