ध्वजस्तंभाची दोरी थंडीत गोठते, उपाय?

मिनियापोलिसकर
घरासमोर २० फुटी ॲल्युमिनियमचा खांब आहे. दोरी बाहेरून, वर कप्पी, ३ × ५ फुटी अमेरिकन झेंडा. बर्फ पडला की दोरी कप्पीत गोठते आणि झेंडा मध्येच अडकतो. हिवाळ्यापुरता खांब काढून ठेवावा का? २६ जानेवारीला त्यावर खादीचा तिरंगाही लावायचा आहे.

दोरखंड
खांब राहू द्या, दोरी बघा. सुती किंवा नायलॉनची असेल तर ती पाणी पिते आणि तेच पाणी कप्पीत गोठतं. ५/१६ इंची विणलेली पॉलिएस्टर दोरी घ्या: खांबाच्या दुप्पट, म्हणजे ४० फूट, शिवाय गाठींसाठी दोन-तीन फूट. बदलताना जुन्या-नव्या दोरीची टोकं समोरासमोर धरून चिकटपट्टी गुंडाळा आणि ओढून घ्या. तिथे गाठ मारलीत तर ती कप्पीत अडकणार, मग शिडी आलीच.

कप्पीला सिलिकॉनचा फवारा मारा. ग्रीस नको, थंडीत घट्ट होतं.

आत्ता गोठलेली असेल तर हिसके देऊ नका. वरचा बर्फ डोक्यात पडतो, नाहीतर झेंड्याची कडीजवळची शिवण उसवते. ऊन येईपर्यंत थांबा. गरम पाणी तर अजिबात नको, ते ओघळून बुडाशी गोठतं.

पायाभरणी
बुडाकडेही लक्ष द्या. खांब ज्या नळीत उभा आहे तिच्यात पाणी साचून गोठलं की ते साधारण ९ टक्के फुगतं, आणि नळी तडकते किंवा खांब चेपतो. नळीच्या तळाशी खडी हवी, भोवतीच्या फटीत कोरडी वाळू ठासलेली आणि वरचं तोंड सीलंटने बंद. काँक्रीट उथळ असेल तर गोठणारी जमीन त्याला वर ढकलते. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत पायाची खोली दक्षिणेला ४२ इंच, उत्तरेला ६० इंच धरतात. तुमचा खांब दर वसंतात थोडा कलत असेल तर कारण बहुधा हेच.

ड्राइव्हवेवरचा मीठमिश्रित बर्फ खांबाशी ढकलू नका, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

केशरी_काठ
तिरंगा आणि अमेरिकन झेंडा एकाच काठीवर एकाच वेळी चालत नाहीत. दोन्ही देशांचे संकेत तेच सांगतात. त्या दिवशी एकच लावा, किंवा सारख्या उंचीची दुसरी काठी उभारा.

खादी ओल्या बर्फात जड होते आणि उशिरा वाळते. डिसेंबर २०२१ पासून भारतीय ध्वजसंहितेत पॉलिएस्टरही चालतं, तेच घ्या. अमेरिकन झेंडा मात्र नायलॉनचा ठेवा, लवकर वाळतो. घर फार वाऱ्याच्या जागी असेल तरच जाड पॉलिएस्टर. कापड ओलं असताना घडी घालू नका, बुरशी येते. फडकती कड विरू लागली की लगेच कापून दुमडून शिवा, नाहीतर आठवड्याभरात पट्टे सुटतात.

मिनियापोलिसकर
दोरी नायलॉनचीच निघाली, बदलतो. रात्री ती खांबावर खडखडते, त्याचं काय?

दोरखंड
ढिली आहे. ताणून क्लीटवर (खांबावरची दोरी गुंडाळायची खुंटी) बांधा आणि झेंडा उतरवल्यावर खांबाभोवती तीन-चार वेढे द्या.