चर्चा: सुदानसाठीच्या परिषदा म्हणजे नुसत्या जेवणावळी?

कृष्णाकाठ (सांगली)
काल इथे एकाने लिहिलं: "सुदानच्या दार्फूर प्रांतातलं एल फाशर शहर पडलं. जिनिव्हा, लंडन सगळ्या हॉटेलातल्या जेवणावळी. ज्यांचं युद्ध त्यांनाच लंडनला बोलावलं नाही, मग बोलणी कसली? बंद करा." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला हे गप्प बसून वाचवलं नाही.

दोघांना समोरासमोर बसवण्याचा प्रयत्न सगळ्यात आधी झालाय. 15 एप्रिल 2023 ला लष्करप्रमुख बुरहानचं सुदानी सैन्य आणि हेमेदतीचं आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले आणि 11 मे ला दोघांच्या माणसांनी सौदीतल्या जेद्दामध्ये नागरिकांना झळ पोचू देणार नाही म्हणून सह्याही केल्या. गोळीबार थांबला नाही, कारण दोघांनाही बाहेरून बळ मिळतंय. बुरहानच्या मागे इजिप्त आहे. आरएसएफला यूएई हत्यारं पुरवते असा आरोप आहे, यूएई तो नाकारते. मग आधी पाठीराख्यांना एका मसुद्यावर आणायला नको? 15 एप्रिल 2025 ला लंडनमध्ये तेच करायचं होतं. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, युरोपीय संघ आणि आफ्रिकी संघ यजमान होते. इजिप्त, सौदी आणि यूएईचं जमलं नाही आणि संयुक्त निवेदन निघालंच नाही. चिडायचं तर यावर चिडा, की पाहुणे यायच्या आधी हा मसुदा राजधान्या-राजधान्यांत फिरवून घासून का घेतला नाही.

आणि जिनिव्हा. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या बोलण्यांकडे सैन्याने पाठ फिरवली हे खरं. पण त्याच आठवड्यात चाडच्या हद्दीवरचं अद्रेचं नाकं मदतीच्या ट्रकांसाठी उघडलं. दार्फूरमधल्या उपाशी पोराला विचारा, ती जेवणावळ होती का.

माजी सुभेदार (सातारा)
कृष्णाकाठ, तुम्ही मसुदे वाचता, आम्ही मसुद्यांखाली चिरडलो. 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. लढणारे कोण? एलटीटीई, तमिळ बंडखोर. त्यांची सही त्यावर नव्हती. दिल्लीला वाटलं, त्यांना आपण वळवू. ऑक्टोबरात जाफन्यात आम्ही त्यांच्याशीच लढत होतो, शांतिसेना नाव लावून! ताडाच्या बनातून जाणारा तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना चिडीचूप घरं. पुढचा जवान पाय टाकेल तिथेच आपण पाय टाकायचा. माझ्या पुढचा खटावचा होता. त्याच्या आईला आम्ही काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. मार्च 1990 ला परत आलो तोवर सुमारे बाराशे जवान गेले होते. लढणाऱ्याला बाहेर ठेवून केलेली बोलणी म्हणजे काय ते मला शिकवू नका.

मिरजेचा वाचक
सुभेदारसाहेब, तुमच्यापुढे आवाज चढवणार नाही, पण श्रीलंकेचंच पुढचं पान उलटा. नॉर्वेच्या मध्यस्थीने फेब्रुवारी 2002 मध्ये युद्धविराम झाला, सप्टेंबरमध्ये थायलंडला बोलणी सुरू झाली, रुळावर होती. मग टोकियोच्या मदत परिषदेची पूर्वतयारी बैठक एप्रिल 2003 मध्ये ठेवली वॉशिंग्टनला. अमेरिकेत एलटीटीईवर बंदी, म्हणजे ते येऊच शकत नव्हते. त्याच महिन्यात त्यांनी बोलणी थांबवली. तेवढं एकच कारण नव्हतं, पण मोठं होतं. जूनमध्ये टोकियोत साडेचार अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली आणि टेबलाची एक बाजू रिकामी. म्हणजे कृष्णाकाठ म्हणतात तसं तयारीतच सगळं ठरतं, आणि तुम्ही म्हणता तसं लढणाऱ्याला वगळून चालतही नाही.

कराडचा
छान, सगळे बरोबर. मग सांगा: 12 सप्टेंबर 2025 ला अमेरिका, सौदी, इजिप्त आणि यूएई या चौघांनी मिळून तीन महिन्यांचा युद्धविराम मागितला. पाठीराखे एका ओळीवर आले ना? 26 ऑक्टोबरला एल फाशर आरएसएफच्या ताब्यात. कुठे गेली तयारी?

कृष्णाकाठ (सांगली)
एका कागदावर नावं येणं म्हणजे ओळीवर येणं नव्हे. रसद तोडली का कुणी?

कराडचा
म्हणजे परिषद फसली की "तयारी कमी पडली", जमली की "तयारीमुळे जमलं". तुमचं कधी चुकतच नाही.

वाळव्याचा फिटर
तुमी सगळी मोठ्या बाता करायलाय. माझा भाऊ पॅनमन हाय, कारखान्यात साखर शिजवणारा. आपल्याकडं गळीत हंगाम संपला की हाताला काम न्हाई, म्हणून एजंटाला पैसं देऊन सुदानला साखर कारखान्यात गेला. आपल्या जिल्ह्यातली लई पोरं तिकडं हायती. युद्ध पेटलं तवा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आणि चावी ज्याच्याकडं तो माणूस पळालेला. आई रोज रातचं फोन उशाला घिऊन बसायची. एजंटाचा फोन बंद. शेवटी कपाट फोडून पासपोर्ट काढलं, बशीनं पोर्ट सुदान गाठलं, तितनं आपल्या नेव्हीच्या जहाजानं जेद्दा. जेद्दा म्हणजे तुमच्यासाठी कराराचं गाव, आमच्यासाठी त्यो जिवंत असल्याचा फोन. आधी त्या एजंटावर बोला.

कराडचा
वाईट वाटलं दादा. पण मार्ग नसलेल्या देशात पोरांना पाठवायचंच कशाला? जास्त पगाराच्या मोहात घरच्यांनीही चौकशी केली नसणार.

वाळव्याचा फिटर
मोह? सा म्हयनं पगार थकवलाय इथल्या कारखान्यानं. ये की एकदा वाळव्याला, मोह दावतो.

द्राक्षबाग (तासगाव)
कराडचे, हे बोलणं शोभलं नाही. चौकशी करायची कुठे हे गावात कुणी सांगतं का? परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवानाधारक एजंट शोधता येतात. दहावी न झालेल्याला सुदानला कामाला जायचं तर सरकारी मंजुरी लागते, म्हणून बिनपरवान्याचे एजंट पर्यटक व्हिसावर पाठवतात. माझ्या नणंदेच्या मुलाला आखातात तसंच पाठवलं. अडकला की दूतावासाच्या यादीत नावच नाही!

माजी सुभेदार (सातारा)
फिटर, भाऊ परत आला ना? बास. 2023 ला ऑपरेशन कावेरीत भारताने सुदानमधून 3,862 माणसं बाहेर काढली. खार्तूमजवळच्या वादी सय्यिदनाच्या मोडक्या धावपट्टीवर रात्री दिवे नसताना विमान उतरवलं वायुदलाने. असं काम परिषदांनी होत नाही.

मिरजेचा वाचक
साहेब, ते विमान उतरलं, पण जेद्दाचा विमानतळ आणि बंदर सौदीने वापरू दिलं, दोन्ही सैन्यांशी आपल्या अधिकाऱ्यांनी बोलून रस्ता मोकळा ठेवून घेतला. हेही बोलणंच. अन्‌ मोझांबिक? तिथलं यादवी युद्ध मिटवायच्या बोलण्यांना रोममध्ये जुलै 1990 ला सुरुवात झाली, सांत एजिदियो नावाच्या धार्मिक संस्थेच्या दालनात. दोन वर्षं बसले, 4 ऑक्टोबर 1992 ला सह्या झाल्या. आधी किरकोळ मुद्दे मिटवले, मग बंदुका.

माजी सुभेदार (सातारा)
मोझांबिकला लढणारे दोघेही खोलीत होते. मी तेच म्हणतोय पहिल्यापासून.

कृष्णाकाठ (सांगली)
होते. आणि तिथल्या बंडखोरांना, रेनामोला, बाहेरून मिळणारी मदत त्याआधीच आटत चालली होती, शीतयुद्ध संपलं म्हणून. मी हे पहिल्यापासून म्हणतोय.

माजी सुभेदार (सातारा)
ठीक. रसद आधी तोडा, हे मान्य. पण ती तुटल्यावरही लढणाऱ्याला खोलीबाहेर ठेवलंत तर माझ्याकडून वाहवा मिळणार नाही.

वाळव्याचा फिटर
ताई, ते ई-मायग्रेट मराठीत हाय का? भाऊ परत जायचं म्हणतोय, औंदा टांझानियाला. एजंट तोच हाय.

द्राक्षबाग (तासगाव)
त्या एजंटाकडे परवाना क्रमांक मागा. दिला नाही तर पासपोर्ट हातात देऊ नका. क्रमांक मिळाला की मला कळवा, मी पोर्टलवर तपासून सांगते.