निवृत्तीच्या पैशासाठी सरकारी रोखे: मुदत किती वर्षांची घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची 30 लाखांची मर्यादा पूर्ण भरल्यावरही निवृत्तीची काही रक्कम हाती उरली असून, शेअर बाजाराच्या वाटेला जायचे नाही, असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. सरकारी रोखे थेट घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे रिटेल डायरेक्ट खाते उघडले आहे. कर्जदार खुद्द केंद्र सरकार असताना तीस-चाळीस वर्षांचे रोखे घेण्यात धोका तो कोणता? यातील निम्मे पैसे नातीच्या शिक्षणासाठी साधारण पाच वर्षांनी लागतील. वय 64.

प्रतिसाद 1

मुद्दल बुडण्याची भीती नाही, हे खरे. मात्र दर्शनी किंमत (रोख्यावर लिहिलेली मूळ रक्कम) पूर्ण मिळते ती मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्यालाच. मध्येच विकायची वेळ आली, तर बाजारभाव मिळेल तो घ्यावा लागतो. समजा, 7 टक्के व्याजाचा रोखा आपण 100 रुपयांना घेतला आणि बाजारातील दर लगेच 8 टक्क्यांवर गेला, तर कमी व्याजाचा आपला रोखा कोणी पूर्ण भावाने घेणार नाही; तीस वर्षांच्या रोख्याचा भाव 89 रुपयांच्या आसपास येतो, पाच वर्षांच्या रोख्याचा मात्र 96 च्या. म्हणून शिक्षणाचे पैसे ज्या वर्षी लागणार, त्याच्या थोडे आधी मुदत संपणारा रोखा निवडावा. व्याजदर त्यानंतर पाहावा.

प्रतिसाद 2

उरलेल्या निम्म्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या व्याजदराच्या बचत रोख्यांचा विचार करावा. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा 0.35 टक्के अधिक असतो आणि 1 जानेवारी व 1 जुलै रोजी नव्याने ठरतो. ते विकता येत नाहीत, त्यामुळे भावाची चिंताही नाही. मुदत सात वर्षांची; आपल्या वयाला सहा वर्षांपूर्वी मोडता येणार नाहीत, त्यामुळे नातीचे पैसे चुकूनही यात घालू नयेत. व्याजावर टीडीएस कापला जातो. लिलावातून घेतलेल्या नेहमीच्या रोख्यांवर तो कापला जात नाही, म्हणून अनेकांना ते व्याज करमुक्त वाटते. प्रत्यक्षात ते उत्पन्नात धरावेच लागते.

प्रतिसाद 3

वरील दोघांशी सहमत आहे. भर एवढीच, की दुय्यम बाजारात (जिथे आधी घेतलेले रोखे गुंतवणूकदार एकमेकांना विकतात) दहा-वीस हजारांच्या किरकोळ विक्रीला मनाजोगता ग्राहक मिळेलच असे नाही. अचानक लागू शकणारी रक्कम 91 किंवा 182 दिवसांच्या ट्रेझरी बिलांत (केंद्र सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत) फिरवत ठेवावी. राज्य सरकारांच्या रोख्यांवर सहसा थोडे अधिक व्याज मिळते, पण तिथेही मुदतीचा नियम तोच.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. चाळीस वर्षांचा विचार सोडला. पाच वर्षांच्या आत मुदत संपणारे कोणते रोखे दुय्यम बाजारात मिळतात, ते आता पाहतो.