कुत्र्याने नको ते खाल्लं तर : पदार्थागणिक अनुभव

शेपूट (धागाकर्ती) :
कुत्र्याने चॉकलेट, मनुका, कांदा, च्युइंगम असलं काही गटकावलं की घरचे हमखास विचारतात, "आत्ता तर बरा दिसतोय, थोडं थांबून बघू का?" याला एकच एक उत्तर नाही. च्युइंगमच्या बाबतीत अर्धा तास दवडणंही महागात पडतं, तर कांद्याचा परिणाम चौथ्या दिवशी दिसू शकतो. म्हणून पदार्थागणिक लिहूया : किती पोटात गेलं तर धोका, लक्षणं कधी दिसतात, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. आपापल्या कुत्र्याच्या गोष्टी नकोत, त्यातून पक्की झालेली माहिती हवी.

सुरुवात मीच करते. डॉक्टरांना फोन लावताना चार गोष्टी हाताशी हव्यात : कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, जास्तीत जास्त किती खाल्लं असेल, आणि केव्हा. प्रमाणाचा अंदाज उरलेल्या मालावरून काढा. पाकिटावर १५० ग्रॅम लिहिलंय आणि फरशीवर, सोफ्याखाली मिळून ४० ग्रॅम सापडलं, तर ११० ग्रॅम पोटात गेलं असं धरून चाला. घरात दोन कुत्री असतील तर सगळं एकट्यानेच खाल्लं असं मानून दोघांचाही हिशोब करा. वेष्टन फाटकं असलं तरी फेकू नका, सोबत न्या. घटकांची यादी त्यावरच असते.

रात्रपाळी :
चॉकलेटचं सांगते, कारण याबाबत काही माणसं उगाच घाबरतात आणि काही उगाच निर्धास्त राहतात. त्रास देतं ते थिओब्रोमिन, म्हणजे कोकोमधलं कॅफिनच्या जातीचं उत्तेजक द्रव्य, जोडीला थोडं कॅफिन. माणसाच्या शरीरातून थिओब्रोमिन बऱ्यापैकी लवकर निघून जातं. कुत्र्याच्या शरीरात ते निम्म्यावर यायलाच साधारण साडेसतरा तास लागतात.

मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅममागे सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, डार्कमध्ये ५ किंवा जास्त, बिनसाखरेच्या बेकिंग चॉकलेटमध्ये १४ ते १६, आणि कोको पावडरीत २० च्याही वर. पांढऱ्या चॉकलेटमध्ये नगण्य. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या, जुलाब, बेचैनी सुरू होते. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्लं तर हिशोब २० वर येतो. तेवढंच डार्क खाल्लं तर ५० वर, आणि ते हृदयाचं प्रकरण झालं. बेकिंग चॉकलेटच्या मात्र १५ ग्रॅमच्या तुकड्यातच २० ची रेषा ओलांडली जाते. म्हणून "जरासंच खाल्लं" हे वाक्य कोणत्या चॉकलेटबद्दल आहे ते आधी बघावं लागतं.

लक्षणं बहुधा ६ ते १२ तासांत दिसतात : सारखं पाणी पिणं, सारखी लघवी, धापा, एका जागी न बसणं. चॉकलेट जठरात वितळून गोळा होऊन बसतं, त्यामुळे दोन-तीन तास उलटून गेले तरी उलटी करवण्याचा उपयोग होतो. "आता उशीर झाला" म्हणून दवाखाना टाळू नका. अजून एक गोष्ट घरच्यांना माहीत नसते : थिओब्रोमिन मूत्राशयाच्या भिंतीतून परत रक्तात शोषलं जातं. घरी पाठवलेल्या कुत्र्याला म्हणूनच दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, लघवीला बाहेर न्यायचं.

पंजा :
माझ्या मते घरातली सगळ्यांत घातक वस्तू चॉकलेट नाही, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) आहे. बिनसाखरेची च्युइंगम, मिंटच्या गोळ्या, काही पीनट बटर, टूथपेस्ट, माउथवॉश, चघळायच्या व्हिटॅमिन गोळ्या, सगळीकडे सापडतं. घटकांच्या यादीत ते 'बर्च शुगर' किंवा 'ई९६७' या नावानेही येतं, तेव्हा फक्त 'झायलिटॉल' शोधून थांबू नका.

माणसाच्या स्वादुपिंडाला झायलिटॉलने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र ते साखर आल्यासारखं ओळखतं आणि इन्सुलिनचा लोंढा सोडतं. रक्तातली साखर १० ते ६० मिनिटांत कोसळू शकते. किलोमागे ०.१ ग्रॅमला साखर उतरते, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याचा धोका. च्युइंगमच्या एका गोळीत काही ब्रँडमध्ये ०.२ ग्रॅम असतं, काहींत १ ग्रॅमपर्यंत. ५ किलोच्या कुत्र्याला अर्धा ग्रॅम पुरतो, म्हणजे एकाच गोळीवर भागू शकतं.

पाय लटपटणं, नजर हरवल्यासारखी होणं, कोसळणं ही लक्षणं. असं दिसलं तर उलटी करवायची नाही. मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळायचा आणि तसंच निघायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, फक्त चोळा. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (पोटातलं विष धरून ठेवायला देतात ती कोळशाची पूड) झायलिटॉलला नीट धरून ठेवत नाही, त्यामुळे "चारकोल दिलाय, आता काळजी नाही" हा हिशोब इथे चालत नाही. साखर सावरली तरी यकृताच्या तपासण्या तीन दिवसांपर्यंत कराव्या लागतात. आणि गम न चावता गिळली असेल तर साखर बऱ्याच तासांनी उतरते, १२ तासांनीसुद्धा.

सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया यांनी असं होत नाही, फार तर जुलाब होतात. प्रत्येक शुगरफ्री पाकीट बघून हातपाय गाळायची गरज नाही, यादी वाचा.

लॅबवाली :
द्राक्षं आणि मनुका. इथे किलोमागे इतके ग्रॅम सुरक्षित अशी रेषाच आखता येत नाही. एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशानेच निकामी होतात. याचं कारण कित्येक वर्षं कळत नव्हतं. क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पूड) आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडांनाही तशीच इजा झालेली दिसली, आणि त्यावरून टार्टरिक आम्लावर बोट ठेवणारा शोधनिबंध २०२२ मध्ये आला. द्राक्षाची जात, पिकणं, बाग यांप्रमाणे हे आम्ल कमीजास्त असतं, म्हणून प्रमाणाचा मेळ बसत नव्हता. व्यवहारात याचा अर्थ असा की चिंच आणि क्रीम ऑफ टार्टरही याच यादीत धरायचं. मनुक्यात पाणी आटलेलं असतं, त्यामुळे ग्रॅमला ग्रॅम तो द्राक्षापेक्षा जड पडतो. केक, ब्रेड, म्युसली यांतले मनुकेही मोजा.

पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग कुत्रा मलूल होतो, जेवत नाही. लघवी कमी होणं हे उशिराचं आणि वाईट लक्षण. मूत्रपिंडाची इजा २४ ते ७२ तासांत उघड होते, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) एकदाच तपासून "नॉर्मल आलं" म्हणत फाईल बंद करू नका. खाल्ल्याच्या दिवशीचा आकडा फक्त तुलनेसाठी असतो. खरा निकाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या आकड्यात. सलाईनवर ४८ तास ठेवायला सांगतात ते याचसाठी.

कांदा-लसणाचंही इथेच लिहिते. यातली गंधकयुक्त संयुगं तांबड्या पेशींना आतून गंजवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या कडेला एक छोटा फुगवटा दिसतो, त्याला हाइन्झ बॉडी म्हणतात. अशा पेशी नंतर फुटतात, आणि याला वेळ लागतो, म्हणून हिरड्या फिक्या पडणं, धाप, तपकिरी-लालसर लघवी तीन ते पाच दिवसांनी दिसते. तोवर घरचे कांदा विसरलेले असतात. एका वेळी वजनाच्या ०.५ टक्क्यांहून जास्त कांदा धोक्याचा, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, जेमतेम अर्धा कांदा. शिजवून, तळून, वाळवून विष जात नाही. पावडर तर जास्तच तीव्र, आणि लसूण कांद्याहून तिखट ठरतो. रोज थोडं थोडं जात राहिलं तरी साठत जातं, त्यामुळे रस्सा नि सूप भातावर घालायची सवय मोडा. अकिता आणि शिबा इनू या जातींत हा त्रास अधिक.

पावभट्टी :
यीस्ट घातलेलं कच्चं पीठ. जठर उबदार आणि ओलसर असतं, पीठ तिथे फुगतच राहतं, वर यीस्ट अल्कोहोल तयार करतं. म्हणजे एकीकडे पोट ताणलं जातं आणि दुसरीकडे कुत्रा झिंगतो. पोट नगाऱ्यासारखं ताठ, ओकारीचा नुसता प्रयत्न पण बाहेर काही नाही, अशी अवस्था असेल तर जठराला पीळ बसलेला असू शकतो, आणि तिथे मिनिटं मोजायची असतात. थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात न्या. भाजलेल्या ब्रेडने हे होत नाही.

रात्रपाळी :
उलटी करवण्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण अर्धी इजा तिथेच होते.

मीठ-पाणी कधीही नाही. मीठ स्वतःच विष ठरतं, रक्तातलं सोडियम चढून मेंदूला सूज येते. घशात बोटं घालणं नाही. मोहरी, तेल नाही. दुधाने कोणतंही विष "मरत" नाही. दवाखान्यात अपोमॉर्फिनचं इंजेक्शन देतात, काही मिनिटांत उलटी होते, सगळ्यांत चांगला मार्ग तोच. दवाखाना फार लांब असेल तर डॉक्टर फोनवर कधीकधी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवतात : किलोमागे १ ते २ मिली, कुत्रा कितीही मोठा असला तरी ४५ मिलीच्या वर नाही. त्यांनी सांगितल्याशिवाय मनाने देऊ नका, कारण त्याने जठराला व्रण पडतात. केसांना लावायचं जास्त टक्क्यांचं पेरॉक्साइड तर आतून भाजतं.

कुत्रा गुंगीत आहे, लटपटतोय, झटके येताहेत, चपट्या नाकाच्या जातीचा आहे, किंवा गिळलेली वस्तू टोकदार, आम्लारी वा रॉकेलसारखी आहे, तर उलटी अजिबात करवायची नाही. वर येताना ती फुफ्फुसात जाते किंवा अन्ननलिका फाडते. आणि उलटी झाली म्हणजे सुटलो असंही नाही. जठरातलं साधारण निम्मंच बाहेर येतं. जे आलं ते पिशवीत भरून न्या, त्यातले मनुके मोजता येतात.

भूभू :
विष नसलेल्या पण अडकणाऱ्या गोष्टी. मक्याचं कणीस यात पहिल्या नंबरावर. दाणे खाऊन टाकलेलं कणीस कुत्रा दोन-तीन तुकडे करून गिळतो. ते पचत नाही, जठरात कित्येक दिवस, क्वचित आठवडेही पडून राहतं, आणि एक दिवस सरकून लहान आतड्यात बुचासारखं बसतं. एक्स-रेवर ते हाडासारखं ठळक दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना "कणीस खाल्लं असावं" हे मुद्दाम सांगा. मग सोनोग्राफी करता येते. आंब्याची कोय, पीचची बी यांचंही तेच.

शिजवलेली हाडं ठिसूळ होऊन धारदार फुटतात. हाड गिळलं असेल तर उलटी करवू नका. लाकडी काड्या, म्हणजे कबाबच्या वगैरे, त्याहून वाईट. त्या जठराची भिंत भेदून बाहेर निघतात. मांसाला बांधलेला दोरा गिळला असेल आणि त्याचं टोक गुदद्वारातून लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, कापायचं नाही. दुसरं टोक जठरात अडकलेलं असेल तर आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडून कापलं जातं.

वारंवार उलटी, पाणीही न टिकणं, दिवसभर शी नाही, पोटाला हात लावू न देणं : यातलं काहीही दिसलं तर अडकलंय असंच समजा. पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर, नमस्कार घातल्यासारखी मुद्रा वारंवार करत असेल तर स्वादुपिंडाला सूजही असू शकते. ती चरबीची काढून टाकलेली कड किंवा तळणीचं तेल खाल्ल्यावर एक ते तीन दिवसांत येते. मिनिएचर श्नाउझर पाळणाऱ्यांनी विशेष जपा.

हिरवा डबा :
बुरशीबद्दल कुणी लिहिलं नाही. बुरसटलेला ब्रेड, चीज, अक्रोड, आणि कंपोस्टचा ढीग. काही बुरशी पेनिट्रेम ए नावाचं विष करतात, त्याने अर्ध्या तासापासून काही तासांत सगळं अंग थरथरायला लागतं, ताप चढतो, पुढे झटके. अशा वेळी घरचे "कुणी विष घातलं" म्हणतात आणि कंपोस्टचा उल्लेखच होत नाही. कंपोस्टला जाळी-झाकण लावा. मॅकाडेमिया नट्सनीही थरथर आणि मागच्या पायांत अशक्तपणा येतो, पण तो बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो.

खाऊच्या डब्यातली छोटी पाकिटंही बघा. सिलिका जेल बहुतांशी निरुपद्रवी. ऑक्सिजन शोषणाऱ्या पाकिटात मात्र लोहाची भुकटी असते, लहान कुत्र्याला त्याने लोहाची विषबाधा होऊ शकते. आतली पूड काळी-तपकिरी असेल आणि चुंबकाला चिकटत असेल तर लोहच.

सोड-बेटा :
प्रशिक्षणाच्या बाजूने. तोंडात काही दिसलं की माणूस ओरडत धावतो, आणि कुत्रा तेवढ्यात गिळतो. धावलात तर ती वस्तू आणखी मोलाची ठरते. त्याऐवजी उलट दिशेला दोन पावलं जा, फ्रीज उघडा किंवा डबा वाजवा, आणि सात-आठ वासाचे तुकडे त्याच्यापासून दोन मीटरवर विखरून टाका. एकच तुकडा दाखवला तर तो तोंडातलं धरूनच हुंगतो, विखुरलेले टिपायला तोंड मोकळं करावं लागतं. तो टिपत असताना वस्तूवर पाय ठेवा, लगेच वाकून उचलू नका, कुत्र्याला दाराने अलगद दुसऱ्या खोलीत न्या आणि मग उचला. 'सोड' शिकवतानाही दहातल्या आठ वेळा घेतलेली वस्तू परत द्या, म्हणजे देणं म्हणजे गमावणं असं त्याच्या डोक्यात बसत नाही.

पाहुण्यांच्या पर्स आणि दप्तरं जमिनीवर नकोत, आकड्याला टांगा. च्युइंगमच्या गोळ्या बहुतेक तिथूनच मिळतात.

पंजा :
अजून एक. वेफर्स-फरसाणाच्या रिकाम्या पाकिटात कुत्रा तळाचा चुरा चाटायला तोंड घालतो, श्वास ओढला की प्लास्टिक नाका-तोंडाला घट्ट बसतं आणि पंजाने ते निघत नाही. पाच मिनिटांच्या आत गुदमरतो. पाकीट संपलं की तळ आणि एक बाजू कात्रीने उघडून सपाट करा, मगच डब्यात टाका.