ब्राँझच्या हाततोफेची प्रतिकृती ओतून घ्यायची आहे: नमुना आणि धातू कोणता निवडावा?

अपरान्त (प्रश्न):
आमच्या इतिहास अभ्यास मंडळाच्या प्रदर्शनात दारूच्या शस्त्रांच्या आरंभकाळावर एक छोटे दालन असणार आहे आणि तेथे चौदाव्या शतकातील ब्राँझच्या हाततोफेची मूळ आकाराची प्रतिकृती ठेवण्याचा विचार आहे. ती केवळ पाहण्यासाठी असेल. तिचा बार कधीही उडवायचा नाही. स्वीडनमधील लोशुल्ट येथे १८६१ मध्ये सापडलेली, फुलदाणीसारख्या आकाराची, सुमारे ३० सेंटीमीटर लांब आणि ९ किलो वजनाची तोफ माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोल्हापुरातील एका फाउंड्रीने काम करण्याची तयारी दाखवली आहे, परंतु पितळ वापरल्यास स्वस्त पडेल असे त्यांचे म्हणणे आहे. पितळ चालेल का, आणि मुळात हा नमुना योग्य आहे का?

ओतकाम:
पितळ टाळावे. जस्त जास्त असलेल्या धातूचा पिवळेपणा जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन भांड्यांचे कांसेही घेऊ नये, कारण त्यात कथिलाचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास असते आणि तो धातू ठिसूळ असतो. तांबे ९० आणि कथिल १० हे प्रमाण उत्तम. तेवढे जमत नसेल तर ८८ भाग तांबे, १० भाग कथिल आणि २ भाग जस्त असलेले गनमेटल मागावे. बुश आणि व्हॉल्व्ह ओतणाऱ्या कोणत्याही फाउंड्रीला ते ठाऊक असते.

अडचण धातूपेक्षा आकाराची आहे. लोशुल्टचा मागचा भाग जाड आणि पुढचा निमुळता असल्यामुळे बुडाकडचा धातू सर्वांत शेवटी गोठतो, आणि त्या वेळी त्याला वरून आणखी रस मिळाला नाही तर तेथे खळगा पडतो किंवा आत पोकळी राहते. त्यामुळे रायझर (गोठताना वरून रस पुरवणारा धातूचा जादा साठा) जाड भागालाच जोडायला सांगावा. धातू थंड होताना साधारण दीड टक्का आकसतो, तेव्हा पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) तेवढा मोठा हवा. वाळूच्या साच्यात ओतल्यास दोन पेट्यांच्या जोडाची रेघ उमटते, ती कानशीने पूर्णपणे काढावी. मेणाचा नमुना करून तो साच्यातून वितळवून काढणारा मूर्तिकार मिळाला तर हा प्रश्नच उरत नाही.

जुनी_नळी:
नमुन्याबद्दल माझे मत वेगळे आहे. लोशुल्टची तोफ सुंदर आहे, पण तिला मागे दांडा बसवण्याची सोय नाही. ९ किलोची ती वस्तू हातात धरण्यापेक्षा लाकडी बैठकीवर ठेवून वापरली जात असावी. १३२६ च्या, इंग्लंडमधील वॉल्टर द मिलेमीटच्या हस्तलिखितात असाच फुलदाणीसारखा आकार आडव्या बैठकीवर दिसतो आणि त्यातून बाण सुटताना दाखवला आहे. मात्र या साम्यावरून फलकावर ‘१३२६ची तोफ’ असे लिहू नये.

‘हाततोफ’ हेच दाखवायचे असेल तर दोन चांगले पर्याय आहेत. जर्मनीतील टानेनबर्ग किल्ल्याच्या टाक्यात १८४९ मध्ये सापडलेली तोफ सव्वा किलोच्या आसपास वजनाची असून तिची नळी बाहेरून अष्टकोनी आहे. किल्ला १३९९ मध्ये उद्ध्वस्त झाला असल्यामुळे ती त्यापूर्वीची आहे, हे निश्चित मानता येते. दुसरी चीनमधील हैलोंगजियांगची, १९७० मध्ये सापडलेली, ३४ सेंटीमीटर लांब आणि ३.५५ किलो वजनाची. तिच्यावर काळ कोरलेला नाही. परिसरात १२८७-८८ मध्ये झालेल्या लढायांवरून तिचा काळ ठरवला जातो. दोन्हींच्या मागील टोकाला दांड्यासाठी पोकळी आहे आणि दांडा बसवल्यावर पाहणाऱ्याला वापर लगेच उमगतो. मला विचाराल तर हैलोंगजियांगची निवडावी, कारण दारू भरण्याच्या जागी फुगलेली तिची नळी दाबाबद्दलची त्या कारागिरांची जाण दाखवते.

नियमावली:
एक बाब कृपया हलकी समजू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र तयार करणे हा गुन्हा आहे आणि ‘जुन्या पद्धतीचे आहे’ हे कारण नव्याने ओतलेल्या, चालू शकणाऱ्या नळीला तारणार नाही. म्हणून नळी भरीवच ओतावी, तोंडाशी दोन बोटे खोल खळगा करावा आणि कानाचे भोक (बत्ती देण्याचे छिद्र) वरवर कोरून सोडावे. काम देण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करावी आणि उत्तराची प्रत फाउंड्रीलाही द्यावी.

अपरान्त:
सर्वांचे आभार. हैलोंगजियांगचा नमुना आणि गनमेटल असे ठरवतो. नळी भरीव असेल तर वजन मुळापेक्षा वाढेल, ते फलकावर नमूद करावे का? आणि पृष्ठभाग हिरवट करावा की चकचकीत?

ओतकाम:
वजन अवश्य नमूद करावे, आणि त्याचे कारणही. हिरवा थर शतकानुशतके जमिनीत राहिल्याने आलेला असतो. वापरातल्या तोफेला तो नव्हता. तुमचे दालन वापराबद्दल आहे, तेव्हा पॉलिश न करता कानशीच्या खुणा किंचित राहू द्याव्यात आणि काळपट तपकिरी छटा आणावी. आरशासारखी चकाकी आणली तर ती दिवाणखान्यातली शोभेची वस्तू वाटेल.