नाणं टाकूनही मशीन सुरू होत नाही, कधी न टाकता क्रेडिट चढतं (मालवण, सेल्फ-सर्व्हिस लाँड्री)

मालवण_धुलाई

नमस्कार मंडळी. पर्यटकांसाठी चार मशीनचं लाँड्री सेंटर आहे, एका धुण्याचे 60 रुपये. प्रत्येक मशीनवर 12 व्होल्टचा मल्टी-कॉइन ॲक्सेप्टर (नाणी ओळखून घेणारं यंत्र) आणि शेजारी क्यूआरने पैसे घेणारा डबा. दोघांच्या पल्स (विजेचे क्षणभराचे इशारे) नेणाऱ्या वायरी मशीनच्या एकाच कॉइन इनपुटला जोडल्या आहेत. 5 रुपयांना 1 पल्स, 10 ला 2, 20 ला 4. बारा पल्स झाले की मशीन सुरू. आगोटीपर्यंत तक्रार नव्हती. पाऊस लागल्यापासून हे चाललंय:

दहाचं नाणं कधी दहा धरतं, कधी पाचच. पाचची काही नाणी टाकली की सरळ परत येतात, तीच तीच. क्यूआरने गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जातात, मशीन ढिम्म. आणि ड्रायर सुरू झाला की 1 नंबरच्या मशीनवर कुणी काही न टाकता 5-10 रुपये चढतात.

चारही ॲक्सेप्टर बदला असा सल्ला मिळालाय. खर्च मोठा आहे, म्हणून आधी इथे विचारतोय.

रत्नागिरी_सर्व्हिस

थांबा, ॲक्सेप्टर बदलू नका. चार तक्रारींचं कारण एकच असेलच असं नाही. आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवू.

प्लग काढा. मोटर ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज साठलेला असतो, त्यामुळे दहा मिनिटं थांबा आणि मगच झाकण उघडा. बोर्डावरचा कॉइन इनपुटचा कनेक्टर काढा, तिथून दोन वायरी बाहेर आणा, त्यांना एक साधं पुश बटण लावा. झाकण बंद करून मगच लाइट द्या. बटण सावकाश दहा वेळा दाबा. डिस्प्लेवर बरोबर 50 आले तर मशीनचा बोर्ड ठणठणीत आहे आणि दोष बाहेरच्या बाजूला आहे. नुसत्या वायरी टेकवू नका, हात थरथरला की एकाचे दोन पल्स होतात आणि चाचणीच फुकट जाते.

मग पुन्हा प्लग काढून, दहा मिनिटं थांबून सगळं पूर्ववत जोडा, लाइट द्या आणि कुणी काही टाकत नसताना त्याच दोन वायरींवर मल्टीमीटरने डीसी व्होल्टेज बघा. बहुतेक बोर्डांत ही लाइन आतून 5 व्होल्टला ओढलेली असते आणि पल्स आला की शून्याकडे जाते. रिकामी असताना ती 5 च्या आसपासच हवी. 3-4 व्होल्ट दिसले तर कुठेतरी ओलाव्यातून करंट गळतोय. अशी अर्धवट खाली आलेली लाइन दोन्ही बाजूंनी त्रास देते: खरा पल्स कधी धरला जात नाही, आणि बारीकसा झटका पल्स म्हणून धरला जातो. तुमची पहिली आणि शेवटची तक्रार मला याच घरातली वाटते.

आता परत येणारं पाचचं नाणं. ॲक्सेप्टरला स्वतःचा डिस्प्ले असेल तर नाणं टाकताना तिकडे बघा. आकडा उमटला आणि तरी नाणं परत आलं, तर ओळख बरोबर आहे पण आतलं सोलेनॉइडचं (विद्युतचुंबकाने सरकणारं) दार उघडलं नाही. दांडी गंजली असेल किंवा पुरवठा कमी पडत असेल. नाणं पडतानाच 12 व्होल्ट मोजा. 11 च्या खाली गेले तर अडॅप्टर बदला. आकडाच उमटला नाही तर ओळखीचा प्रश्न आहे, आणि मला तीच शक्यता जास्त वाटते. पाचचं नाणं बरीच वर्षं 23 मिलिमीटरचंच राहिलं (2019 च्या मालिकेतलं पिवळं मात्र 25 चं आहे), पण धातू बदलत गेला: जुनं जाड क्युप्रो-निकेलचं 9 ग्रॅमचं, 2007 पासून स्टेनलेस स्टीलचं 6 ग्रॅमचं, नंतर पिवळसर निकेल-ब्रासचं, तेही 6 ग्रॅम. ॲक्सेप्टरची कॉइल व्यासाबरोबर जाडी आणि धातूही ओळखते. शिकवताना फक्त पिवळी नाणी टाकली असतील, तर पांढरी ती परतच करणार. परत आलेली नाणी बाजूला काढून रंग बघा.

गुहागर_इलेक्ट्रॉनिक्स

वरच्या सगळ्याला दुजोरा. क्यूआरबद्दल लिहितो.

"पैसे गेले, मशीन ढिम्म" यात दोन अगदी वेगळी प्रकरणं असतात. गिऱ्हाइकाकडून 12 आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) घ्या आणि तुमच्या व्यापारी ॲपमध्ये शोधा. तिथे नोंदच नसेल तर पैसे तुमच्यापर्यंत आलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे, उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला शांतपणे समजावून सांगा आणि यूटीआर वहीत टिपून ठेवा. नोंद असेल तर मात्र पैसे तुमच्याकडे आलेत, बँकेकडे बोट दाखवू नका. त्याच क्षणी परत करा किंवा मशीन चालू करून द्या. भिजलेले कपडे घेऊन उभा असलेला माणूस पाच दिवस थांबू शकत नाही.

दुसऱ्या प्रकरणात डब्याचा दिवा बघा. लाइट गेली की राउटर बंद, डबा ऑफलाइन, आणि भिंतीवरचा छापील क्यूआर तरी पैसे घेतच राहतो. राउटर आणि डबा दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या. डब्याच्या सेटिंगमध्ये उशिरा आलेल्या पेमेंटचा पल्स किती वेळाने रद्द करायचा ते असेल तर 2 मिनिटं ठेवा. नाहीतर एकाचे पैसे दुसऱ्याच्या धुण्याला लागतात.

डबा ऑनलाइन, रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) "टक" आवाजही येतो, पण क्रेडिट नाही, असं असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट बघा. डब्यात सहसा 10 अँपिअरचा रिले असतो आणि आपण त्यातून काही मिलिअँपिअर नेतो. खाऱ्या हवेत कॉन्टॅक्टवर जो थर बसतो तो जाळायला एवढा करंट पुरत नाही. रिलेऐवजी पीसी817 ऑप्टोकपलर (प्रकाशाने इशारा पोचवणारी चिप) लावा: इनपुटला 1 किलोओहमचा रेझिस्टर, आउटपुटचा कलेक्टर सिग्नलला, एमिटर ग्राउंडला. हलणारा भागच उरत नाही.

आणि ॲक्सेप्टर व डबा दोन्ही "एनओ" (एरवी उघडा, पल्सला जोडणारा) वर आहेत ना, ते बघा. एक जरी "एनसी" (एरवी जोडलेला) वर असला तरी लाइन कायम शून्याला ओढलेली राहते आणि दुसऱ्याचे पल्स मशीनला दिसतच नाहीत.

मालवण_धुलाई

खूप आभार. रीडिंग देतो. बटणाने दहा वेळा दाबून चारही मशीनवर 50 आले. रिकामी लाइन: 2, 3, 4 वर 4.9 व्होल्ट, 1 नंबरवर 3.4. क्यूआरच्या डब्याचा कनेक्टर काढला की 1 वरही 4.9. त्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड आहे, दोन पिनांच्या मधल्या प्लास्टिकवरही पसरलीय. नाणं पडताना पुरवठा 11.7. परत येणारी सगळी नाणी पांढरी. दहाचे पाच होतात ते मात्र 1 आणि 3, दोन्हींवर. दोन्ही आउटपुट एनओ.

रत्नागिरी_सर्व्हिस

उत्तम मोजलंत. ॲक्सेप्टर एकही बदलायचा नाही.

1 नंबर: हिरवी पूड म्हणजे तांब्यावर चढलेला गंज, आणि मीठ ओलावा धरून ठेवतं म्हणून करंट गळतोय. तो कनेक्टर पुसून वापरू नका, दोन्ही बाजूंनी कापून नवा लावा आणि पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. वायर सोलल्यावर तांबं आत काळं दिसलं तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा. पल्सची वायर ड्रायरच्या मेन केबलबरोबर एकाच पट्टीत बांधलेली असेल तर वेगळी करा, हातभर अंतर ठेवा. शील्डेड (वर धातूची जाळी असलेली) वायर वापरलीत तर शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

3 नंबर: लाइन चांगली आहे, म्हणजे पल्स फार जलद जातोय आणि बोर्डाकडून दुसरा सुटतोय. ॲक्सेप्टरच्या मागच्या स्विचवर वेग "स्लो" करा, साधारण 100 मिलिसेकंद. चारही मशीनवर तोच ठेवा. बदलल्यावर दहाची वीस नाणी एकेक करून टाका, दर सहा नाण्यांना 60 व्हायला हवेत.

पाचची नाणी: पांढरी जाड, पांढरी पातळ, पिवळी 23 मिलिमीटरची आणि पिवळी 25 ची असे चार वेगळे प्रकार म्हणून शिकवा, चौघांनाही 1 पल्स. सगळी एकाच प्रकारात मिसळलीत तर मर्यादा इतकी सैल होते की भलतंच काही आत जाईल. प्रत्येक प्रकाराची 15-20 नाणी घ्या, झिजलेली आणि नवी दोन्ही. अचूकतेचा आकडा 5 ते 10 मध्ये ठेवा. आकडा लहान तेवढी पारख कडक. दहा आणि वीस दोन्ही 27 मिलिमीटरची आहेत, त्यामुळे शिकवून झाल्यावर वीसची दहा नाणी टाकून प्रत्येकी 4 पल्सच येतात ना ते तपासा.

शिकवण्याआधी नाण्याची वाट आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने पुसा. तेल किंवा स्प्रे अजिबात नको, किनाऱ्यावरून आलेल्या नाण्यांची वाळू त्याला चिकटते. आपल्या भागातल्या काळ्या वाळूत लोहखनिज असतं, ते कॉइलजवळ साचलं की ओळख बिघडते. गर्दीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पुसा. प्रत्येक ॲक्सेप्टरच्या डब्यात निळ्या सिलिका जेलची एक पुडी ठेवा, गुलाबी झाली की बदला.

सुरुवात 1 नंबरच्या कनेक्टरपासून करा. तो बदलला की ड्रायर लावून अर्धा तास डिस्प्लेवर नजर ठेवा आणि कळवा.