मिठी नदीचा गाळ काढा म्हणताय, पण टाकताय कुठे?

भातखाचर (भिवंडी तालुका)
परवा इथेच एकाने लिहिलं होतं, "मिठीच्या गाळाची आधी तपासणी करा म्हणणाऱ्यांना मुंबई बुडालेली बघायचीय. गाळ म्हणजे माती. शेतात टाका, पीक चांगलं येईल." त्याला उत्तर लिहायला बसलो, ते फार लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी शेतकरी आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली तेव्हा मामाच्या गावी तलावातला गाळ वाहायला मीही ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो. तो गाळ हातात घेतला तर मातीचा वास येतो. मिठीचा गाळ मी बघितलाय. आमच्या गावाशेजारी बंद पडलेली खदान आहे, तिथे एप्रिल-मेमध्ये रात्री हायवा डंपरच्या गाड्या येऊन मोकळ्या होतात. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, कुर्ल्याचा माल. वरून सुकून भेगा पडलेल्या, पण पाय दिला की घोट्यापर्यंत आत, आणि खाली डांबरासारखं काळं. डिझेल आणि सडक्या अंड्याचा वास. त्यात चिंध्या, चपला, प्लॅस्टिकचे तुकडे. पहिल्या मोठ्या पावसात खदान भरून वाहिली, ते पाणी ओहोळातून माझ्या खालच्या दोन खाचरांत आलं. पाण्यावर तेलाचे रंग फिरत होते. त्या दोन खाचरांतली आवणी पिवळी पडली, वरच्या पाचांतली हिरवीगार. तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, हा मिठीचाच गाळ कशावरून? कागद आणा. कागद मी कुठून आणू?

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. उपसण्याआधी त्यात काय आहे ते तपासा आणि लोकांसमोर ठेवा. आणि गाडी कुठल्या गावात रिकामी होणार ते त्या गावाला आधी सांगा.

कुर्लेकर
दादा, तुमच्या दोन खाचरांचं वाईट वाटलं. आता माझं ऐका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी अकरावीत होतो. आई आणि मी रात्रभर पोटमाळ्यावर. खाली सिलिंडर पाण्यावर तरंगत भिंतीवर आपटत होता, तो ठणठण आवाज अजून कानात आहे. समोरच्या गल्लीतले आजोबा सकाळी सापडले. आणि हे काही जुनं झालेलं नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला मिठी ३.९ मीटरवर गेली आणि आमच्या क्रांतीनगरच्या लोकांना पुन्हा घरं सोडून शाळेत जाऊन बसावं लागलं.

तुमचा तपासणीचा अहवाल येईपर्यंत मे संपेल. जूनमध्ये पाणी आमच्या घरात येणार, तुमच्या नाही.

निवृत्त अभियंता
दोघेही अर्धंच बोलताय. गाळ पाण्याखाली, हवेविना पडून असतो तोवर त्यातले बरेचसे जड धातू सल्फाइडच्या रूपात बांधलेले राहतात. उपसून उघड्यावर पसरला की हवा लागते, ते बंध सुटतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर धातू पाझरायला लागतात. म्हणजे नदीत गप्प बसलेली घाण खदानीत जागी होते. आणि सगळा गाळ सारखा नाही. पवईकडचा वेगळा, साकीनाका-कुर्ल्याचा वेगळा, माहीमच्या खाडीकडे भरतीबरोबर येतो तो वेगळा. ठिकठिकाणी नमुने घेतल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

पण मूळ दुखणं गाळ नाहीच. जेमतेम अठरा किलोमीटरची नदी. तिला विमानतळापाशी काटकोनात वळवली, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिची पसरायची जागा भराव घालून बुजवली. आता दरवर्षी तळ खरवडत बसायचं. मी तीस वर्षं हेच सांगतोय.

साकीनाका जुना
अभियंता काका, ते संकुल काही हलणार नाही. गाळ विषारी केला तो भंगारवाल्यांनी. केमिकलचे ड्रम आणायचे, धुवायचे, पाणी थेट नदीत. १९९० पासून बघतोय. नदी एक दिवस लाल, एक दिवस निळी. त्यांना उठवा, पाच वर्षांत गाळ आपोआप साफ होईल.

ड्रमवाल्याची मुलगी
वाचून गप्प बसणार होते, पण नाही जमत. माझे बाबा कुर्ल्यात ड्रम धुवायचे, बावीस वर्षं. ड्रममध्ये कॉस्टिक आणि गरम पाणी ओतायचं, आत लोखंडी साखळी टाकायची, झाकण घट्ट करून जमिनीवर लोळवायचा. तो खडखडाट ऐकत मी दहावीचा अभ्यास केला. बाबांच्या बोटांना नखं उरली नव्हती. शेवटची दोन वर्षं धाप लागून झोपता यायचं नाही.

ते ड्रम कुठून यायचे हो? बाबा केमिकल बनवत नव्हते. मोठ्या कारखान्यांतून तळाला चार बोटं माल राहिलेले ड्रम लिलावात यायचे. कारखान्याच्या कागदावर ती विक्री. आमच्याकडे आले की पाप आमचं.

साकीनाका जुना
ताई, तुमच्या वडिलांबद्दल काही बोलायचं नाही. पण पाणी नदीत सोडलं की नाही?

ड्रमवाल्याची मुलगी
सोडलं. आमच्या गल्लीला ड्रेनेज होतं कुठे? तुमच्या सोसायटीचं सांडपाणी कुठे जातं ते तुम्ही कधी बघितलंय का?

साकीनाका जुना
आमच्या सोसायटीत केमिकल नाही!

कुर्लेकर
अरे, धागा गाळाचा आहे. ताई बरोबर बोलताहेत, आमच्याकडे अर्ध्या गल्लीची पोटं त्या धंद्यावर चालायची. उठवा म्हणणं सोपं आहे. काम बंद झालं तर ड्रम गुपचूप आणखी आतल्या गल्लीत धुतले जातील. आधी ज्याचा माल त्यानेच ड्रम धुवून विकायचा, एवढा नियम लावून दाखवा.

साकीनाका जुना
बरं, कारखान्यांचं मान्य. पण म्हणून ड्रम धुणाऱ्यांचं काहीच नाही, हे मला मान्य नाही.

हडसनकाठी (अल्बनी, न्यूयॉर्क)
मी इथे अठरा वर्षं राहतोय, म्हणून सांगतो. हडसन नदीत वरच्या बाजूच्या दोन कारखान्यांनी १९४७ ते १९७७ पीसीबी नावाचं विषारी रसायन सोडलं. गाळ उपसायचा निर्णय झाला २००२ मध्ये, उपसा सुरू झाला २००९ मध्ये. पहिल्याच वर्षी ढवळलेली घाण पाण्यात पसरली, एक वर्ष थांबून पद्धत बदलावी लागली, काम संपलं २०१५ मध्ये. गाळ काठावरच पिळून कोरडा केला आणि रेल्वेने खास बांधलेल्या भरावभूमीत नेला. तेव्हाही काठावरचे लोक दोन गटांत भांडत होते.

कुर्लेकर
तिथे दर पावसाळ्यात माणसं पोटमाळ्यावर बसत नव्हती. सात वर्षं चर्चा करायला आमच्याकडे वेळ नाही.

भातखाचर
सात वर्षं कोण मागतंय? आपल्याकडे घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, तळोज्याला असा कचरा घेणारी जागा आहे. तपासणीत जो गाळ वाईट निघेल तो तिकडे न्या, बाकीचा टाका कुठे टाकायचा तिथे. आणि टाकायच्या जागांचं म्हणाल, तर मे २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळावरून गुन्हा नोंदवला, ६५ कोटींच्या नुकसानीचा आरोप. जमीनमालकांशी केलेले करारच बनावट, असाही आरोप त्यात आहे. कागदावरची जागाच खरी नसेल तर गाडी कुठे रिकामी होते? माझ्या उशाशी.

निवृत्त अभियंता
वजनकाट्याच्या पावत्या बघा म्हणून मी तेव्हाच...

कुर्लेकर
काका, थांबा जरा. भातखाचर, ते ६५ कोटी माझ्याही डोक्यात आहेत. गाळ निघाला म्हणून बिलं गेली आणि पाणी तेवढंच चढलं. एवढं मी मानतो: नमुने ऑक्टोबर ते जानेवारीत घ्या, तेव्हा नदी शांत असते. मार्चमध्ये पोकलेन उतरल्यावर कोणी अर्ज घेऊन आडवं येऊ नये. तेव्हा आलात तर मी तुमच्या विरोधात उभा राहीन, आत्ताच सांगून ठेवतो.

भातखाचर
ऑक्टोबरचं मला चालेल. मी उपसा थांबवा असं कुठेच लिहिलेलं नाही.

कुर्लेकर
वाचताना तसं वाटलं. असो. आमच्या पुलाखालून गाड्या भरून निघतात रात्री दहा-साडेदहाला. तुमच्याकडे किती वाजता येतात?

भातखाचर
साडेबारा ते तीन. गेल्या मे महिन्यातल्या अकरा गाड्यांचे नंबर मुलाच्या वहीत लिहून ठेवलेत. तुम्ही तिकडून लिहा, मी इकडून. जुळले तर तोच कागद साहेबांना नेऊन देतो.